डॉक्टरांनी लढत थांबवली

"घरात कुणाला काही आजार?" त्याने कागदावरून मान वर न करता विचारलं.

"आजार नाही. पण माणसं उचलून आपटायची खोड आहे. आजोबांपासून."

तेव्हा कुठे त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोक्यावर, स्पर्धेच्या हॉलच्या भिंतीवर, आजोबांचा फोटो होता, शेजारी बाबांचा, त्याच्या शेजारी दादाचा, आणि तिघांच्याही कमरेला विजेत्याचे पट्टे. आमचं आडनाव ऐकलं की दुकानदार गिऱ्हाईक सोडून गप्पा मारायला येतात. आणि हा नवा डॉक्टर त्या तिघांच्या खाली बसून मला आजार विचारत होता! मला तो तिथेच आवडला, खोटं कशाला बोलू?

मी मिक्स्ड मार्शल आर्ट्स खेळते. ठोसे, लाथा, कुस्ती, सगळं एकाच जाळीच्या पिंजऱ्यात. लढतीआधी डॉक्टरची तपासणी लागतेच.

त्याने टॉर्च लावला. "वर बघा... खाली बघा... माझ्याकडे बघा."

पहिल्या दोन सूचना झटपट उरकल्या. तिसरीला जरा वेळ लागला.

"डॉक्टर, डोळे दोनच आहेत."

"खात्री करून घेतोय," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

पुढे प्रत्येक लढतीआधी मी उगाचच गुडघा दुखतो म्हणून सांगायला लागले. तो गुडघ्याकडे न बघताच म्हणायचा, "गेल्या वेळी डावा होता." आणि तरी दोन्ही तपासायचा.

मग किताबाची लढत आली. मी पुढे होते. शेवटच्या फेरीत समोरच्या मुलीचं कोपर लागलं, भुवई फाटली आणि रक्त डोळ्यात उतरलं. पंचांनी डॉक्टरला आत बोलावलं. त्याने जखम पुसली, पाहिली... आणि मान हलवली. लढत तिथेच संपली. किताब तिच्याकडे गेला.

त्याने टाके घातले, तोवर मी छताकडे बघत राहिले.

काही महिन्यांनी तिच्याशीच पुन्हा लढत ठरली, आणि या वेळी डॉक्टर दुसऱ्याच होत्या. माझं डोकं फिरलं.

"बाबा, त्याला तुम्ही काढायला लावलंत?"

"मी? अगं, राग आला होता, नाही म्हणत नाही. पण मी कुणाला एक शब्द बोललेलो नाही."

माझा विश्वास बसला नाही. लहानपणापासून हेच ऐकत आले होते: हिला काय, घराणं आहे पाठीशी! आता त्याच घराण्यापायी एका भल्या माणसाचं काम गेलं होतं. मी तडक त्याच्या दवाखान्यात गेले आणि एका खोकणाऱ्या म्हाताऱ्या पेशंटच्या मागे रांगेत बसले.

"गुडघा?" मला बघून त्याने विचारलं.

"नाही. माफी मागायला आलेय. बाबांनी तुमचं नाव..."

"बाबांनी नाही. मीच काढून घेतलं."

"का?"

तो गळ्यातला स्टेथोस्कोप उगाच सारखा करत राहिला. "त्या दिवशी तुमची जखम पाहिली आणि... थांबवावंसं वाटलं. जखमेमुळे की तुमच्यामुळे, ते मला अजून सांगता येत नाही. असा डॉक्टर पिंजऱ्याजवळ नको."

खरं तर मी हरखून जायला हवं होतं. मी भडकले. "म्हणजे माझा किताब तुमच्या..."

"कदाचित. हो."

बाहेर कुणीतरी खोकलं. मी दारापर्यंत गेले आणि परत वळले.

"लढत बघायला ये," मी म्हणाले. 'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलंच नाही. "आणि डोळे मिटायचे नाहीत. मला लढताना बघवत नसेल तुला... तर पुढचं काही बोलूच नकोस."

तो आला. आणि नेमकी तीच भुवई पुन्हा फाटली. नव्या डॉक्टरबाईंनी जखम पुसली, निरखून पाहिली आणि म्हणाल्या, "खेळ." त्यांच्या खांद्यावरून मला तो दिसला. खुर्ची घट्ट धरून बसला होता, चेहरा पांढराफटक. माझ्या छातीत धडधडत होतं, आणि ते समोरच्या मुलीमुळे नव्हतं. त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं... आणि मान डोलावली. जा.

मी गेले. थोड्याच वेळात तिचा गळा माझ्या हाताच्या पकडीत होता आणि ती हार मानून माझ्या दंडावर थापट्या मारत होती.

टाके घालून झाले, तेव्हा तो दारात उभा होता. बाबा म्हणाले, "आत या, डॉक्टर. बाहेर काय उभे?"

तो आत आला. "मला आता कळलं," तो मला म्हणाला. "त्या दिवशीही जखम एवढीच होती. तू लढू शकली असतीस. माझं चुकलं."

"का चुकलं, तेही सांग. बाबांसमोर."

त्याने एकदा बाबांच्या दंडांकडे पाहिलं. "कारण मी हिच्या प्रेमात... होतो. आहे."

बाबांनी घसा खाकरला आणि गाडी काढायला म्हणून निघून गेले. गाडी तर दादा चालवणार होता.

आमच्या घरात सगळ्यांच्या नावावर नुसते विजय आहेत. माझ्या नावावर एक पराभव आहे, कायमचा. उद्या कुणी तो पुसून द्यायला आलं, तरी मी नको म्हणेन.