उजेडाने प्यायलेलं दूध

“शाल्मलीताई, दूध उजेडात ठेवू नका,” काजवा म्हणाला होता.

काजवा हा घरातला यंत्रमानव. मांजराएवढा, पण बोलायला वकील. शाल्मलीने त्याला उडवून लावलं. “तू पितोस का दूध? नाही ना? मग गप्प बस.”

चंद्राच्या ध्रुवावरल्या चांदणवाडीत तशी रीतच होती. तिथे सूर्य क्षितिजाच्या कडेकडेने सावकाश फिरत राहतो. घरं लांब लांब. म्हणून प्रत्येक जण रोजच्या पिण्याच्या दुधाची काचेची बाटली खिडकीत ठेवी. बाटली दिसली, की घरात सगळं ठीक. ऊन दुधातून झिरपे आणि सगळी वाडी स्वप्नातल्या गावासारखी दुधाळ दिसे.

शाल्मलीच्या घरात मात्र ठीक नव्हतं. छोट्या रेवाच्या ओठांचे कोपरे चिरले होते, जीभ लालभडक झाली होती, डोळ्यांना उजेड सोसत नव्हता. डॉक्टर म्हणाले, “इथलं राहणं मानवत नसेल. उतार पडला नाही, तर पुढच्या यानाने तिला पृथ्वीवर मामाकडे पाठवू.”

“आई, मी गेले तर तू एकटीच जेवशील?” रेवाने विचारलं.

“कुठे जायचं नाहीये तुला!” शाल्मलीने तिला जवळ ओढलं. मग हळूच म्हणाली, “काजवा, तू तेव्हा काय म्हणत होतास रे?”

“आता आठवण झाली होय!” काजवा टुणकन ओट्यावर चढला.

त्याने एका वाटीत बंद डब्यातलं ताजं दूध घेतलं, दुसरीत खिडकीतलं. दोन्हींत लिंबू पिळून दूध फाडलं आणि वरचं पाणी गाळून घेतलं. पडदे ओढून त्याने कपाळावरचा अतिनील किरणांचा (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा) दिवा लावला.

पहिली वाटी हिरवट-पिवळ्या तेजाने उजळली. जणू पाण्यात काजवे विरघळलेत! दुसरीत नुसती फिकट निळसर झाक.

“हिचं पिवळं कुठे गेलं?” रेवा कुजबुजली.

“उजेडाने पिऊन टाकलं. ते होतं रायबोफ्लेविन (बी-दोन जीवनसत्त्व). उजेडात ते मोडतं.”

“मोडलं तर मोडलं. काय बिघडतं?”

“तू भात खातेस. त्यातून ताकद काढतात तुझ्या पेशी (शरीराच्या इवल्या खोल्या). तिथे काम करणारी असतात विकरं (शरीरातल्या क्रिया घडवणारे पदार्थ). त्यातल्या काही विकरांचे हात म्हणजे रायबोफ्लेविन. हातच नसले, तर काम कसं उरकणार? ओठांची, जिभेची कातडी सारखी नवी होत असते, म्हणून तिथे कमतरता लवकर कळते.”

“मग एकदाच खूप पिऊन ठेवते!”

“शरीर ते फारसं साठवत नाही. जास्तीचं शूमधून जातं. शू पिवळीधमक होते.”

रेवा खुदकन हसली आणि लगेच कळवळली. ओठ ताणला होता.

“अंडी, पालेभाज्या, डाळी यांतही ते असतं,” काजवा पुढे म्हणाला. “पण आपले भाजीचे वाफे अजून कोवळे. सगळी भिस्त दूधभातावर.”

शाल्मलीने खिडकीतली बाटली उचलून घेतली. “म्हणजे मीच हे केलं...”

“अख्ख्या वाडीने, ताई. वाढत्या अंगाला ते जास्त लागतं, म्हणून रेवात आधी दिसलं. आणि नुसतं माझं ऐकून थांबू नका, डॉक्टरांकडून तपासून घ्या.”

डॉक्टरांनी रक्त तपासलं, काजव्याचं खरं म्हणून मान डोलावली, गोळ्या दिल्या. दूध झाकणाच्या स्टीलच्या डब्यात गेलं. हळूहळू चिरा भरून आल्या. यान निघालं तेव्हा रेवा आईच्या कडेवर होती, मोठ्ठा आ करून थालीपीठ खात होती. काळ्या आभाळात यानाचा ठिपका विरघळेपर्यंत शाल्मलीने तिला खाली ठेवलं नाही.

आता वाडीच्या खिडक्या रिकाम्या असतात. म्हणून माणसं एकमेकांच्या दारी जातात, समोर बसतात, तोंडाकडे नीट बघतात. वाफ्यांत पालकाची पहिली पानं उलगडलीत.

मुलांनो, तुमच्या शेजारीही कुणी आजी-आजोबा एकटे जेवत असतील, चहा-बिस्किटावर भागवत असतील. आज त्यांचं दार वाजवा. “बरंय हो” एवढं ऐकून परतू नका. आज काय जेवलात, तेही विचारा.