दोन नंबरचा कॉम्प्युटर आणि मिठाची पुडी

जिना चढून आलेल्या माणसाने दारातच छत्री झटकली, आणि तिचं सगळं पाणी हेमाच्या नव्याकोऱ्या ओढणीवर उडालं.

"अहो! डोळे आहेत की…"

तो इतका दचकला की हातातली बॅग सुटली. पेचकस, पक्कड, चिमटा, सगळं खणखणत जिन्याच्या तीन पायऱ्या खाली गेलं. हेमाने एकेक वस्तू वेचून त्याच्या हातात दिली. तो नुसता बघत राहिला. थँक्यू नाही, सॉरी नाही, काही नाही! मुका आहे की काय बिचारा, असं तिला वाटलं.

पण छे! आत गेला आणि पोपटासारखा बोलायला लागला. "नमस्कार बाई, मी विश्राम नाखवा. ठाण्याहून आलोय, प्रिंटरचा डॉक्टर." मग शालूकडे वळून, "काय ताई, श्रावणी सोमवार का? चेहरा सुकलाय." शालू चक्क लाजली. म्हणजे गड्याला बोलता येत होतं. हेमासमोरच तेवढी दातखीळ बसली होती.

ही गोष्ट शहाण्णव सालची. डोंबिवली पूर्वेला एका पोळी-भाजी केंद्राच्या वर कलावतीबाईंचं टायपिंगचं दुकान होतं. बाई शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि मध्ये एक डबी. डबीवरची कळ इकडे फिरवली की एक नंबरच्या कॉम्प्युटरवरून छापायचं, तिकडे फिरवली की दोन नंबरवरून. एक नंबरवर शालू बसायची, दोन नंबरवर कोपरची हेमा भोईर. शालूच्या मशीनवरून कागद कसा मोत्यासारखा छापून यायचा. हेमाने आज्ञा दिली की तोच प्रिंटर घरघरायचा, अर्धी ओळ ओकायचा आणि पुढे नुसत्या फुल्या, टिंबं, वेडीवाकडी रांगोळी.

मग हेमा आपलं काम फ्लॉपीवर घ्यायची आणि शालूसमोर उभी राहायची. "शालू, जरा एवढं छापून दे ना गं…" पहिल्या दिवशी शालूने हसून दिलं. आठव्या दिवशी ती नाक मुरडायला लागली. आणि कलावतीबाई चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "प्रिंटर तोच, कागद तोच. शालूला जमतं, तर तुलाच का जमत नाही, हेमा?"

आता हे नुसतं ऐकून घ्यायचं असतं तर हेमाने घेतलंही असतं. पण घरी वडिलांनी, काळुराम भोईरांनी, नोकरीला होकार देतानाच बजावलं होतं, "नोकरी हाय तवर कर. सुटली का शहाडवाल्यांना हो सांगाचा." शहाडचं स्थळ वाईट नव्हतं. घरचा ट्रक, पक्कं घर. मुलाने हेमाला एका हळदीत पाहिलं होतं, हेमाने त्याला पाहिलंच नव्हतं. नाही म्हणायला तिच्याकडे एकच कारण होतं, ते म्हणजे ही खुर्ची. तेवढी गेली की सगळं गेलं.

विश्रामने आधी प्रिंटर एकटाच चालवून पाहिला. ठणठणीत. मग शालूच्या मशीनची केबल हेमाच्या मशीनला लावली. मध्येच हेमाने विचारलं, "मशीनला झालंय काय?"

"ते… म्हणजे… बघतो ना." पेचकस पुन्हा पडला.

तो खाली वाकून काम करत होता तेव्हा त्याच्या मानेवर पावसाचे थेंब अजून तसेच होते. हेमाला उगाच वाटलं, पुसायला रुमाल द्यावा. नाही दिला. असं कसं देणार?

"एका वेळी… एकच गोष्ट बदलायची," तो टेबलाखालून म्हणाला. बहुतेक टेबलालाच सांगत होता. "चार गोष्टी एकदम बदलल्या तर… चूक कुठे होती ते कधीच कळत नाही. प्रिंटर चांगला, कॉम्प्युटरपण चांगला. दोघांच्या मध्ये काहीतरी अडतंय."

हेमाच्या मनात ते वाक्य घर करून बसलं. इतके दिवस सगळे तिच्यातच खोट काढत होते. हा पहिला माणूस, जो म्हणत होता की दोन्ही चांगले असून मध्ये अडू शकतं.

त्याने मशीनच्या पाठचं, केबल खोचायचं तोंड पुसलं, केबल घट्ट बसवली, आणि काय आश्चर्य! दोन नंबरवरून कागद स्वच्छ छापून आला. हेमाने टाळीच वाजवली. विश्राम कानापर्यंत लाल झाला आणि छत्री विसरून निघून गेला.

दोन दिवसांनी पुन्हा तीच रांगोळी.

बाईंनी ठाण्याला फोन केला. विश्राम दुपारी आला, पुसलं, बसवलं, छापलं. "छत्री न्यायला मुद्दाम बिघडवून गेला असाल," हेमा हळूच म्हणाली. "नाही हो, शप्पथ…" म्हणत तो इतका घाबरला की तिला हसू आवरेना. तो शालूशी मांदेली मासळीच्या भावावर पाच मिनिटं बोलला, बाईंशी पायथागोरसवर दहा मिनिटं. हेमाशी एकूण चार शब्द. ती मनात म्हणाली, 'प्रिंटरची आणि याची तऱ्हा एकच. सगळ्यांशी सुरळीत, माझ्याशीच घरघर.' आणि गंमत म्हणजे तिला त्याचा राग येत नव्हता. मशीन पुन्हा बिघडलं तर नोकरी जाईल अशी भीती होती, आणि बिघडलं नाही तर हा येणार नाही, अशीही एक भीती हळूच येऊन शेजारी बसली होती. माणसाचं मन म्हणजे काय विचारू नका!

पुन्हा बिघडलं. या वेळी बाई शांतपणे म्हणाल्या, आणि त्या शांत असल्या की जास्त भीती वाटायची, "शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची दीड हजार नावं शनिवारी द्यायची आहेत. शनिवारी हे मशीन नीट झालं नाही, तर मी ते परत करणार. एका मशीनला दोन मुली मला परवडायच्या नाहीत, हेमा. वाईट वाटतं, पण गणित गणित असतं."

शनिवारी दुपारी विश्राम आला. बाहेर झिमझिम चालू होती, हवा अशी दमट की पापडसुद्धा मऊ पडावा. तो येणार म्हणून हेमाने नेहमीप्रमाणे मशीनच्या पाठीमागे हात घालून काहीतरी काढलं आणि पर्समध्ये टाकलं.

हो, हे सांगायचं राहिलंच. आईने, बायजाने, पहिल्याच दिवशी तिच्या हातात एक फडक्याची पुडी दिली होती. खडेमीठ आणि मोहरी, वर काळा दोरा. "आपले मिठागरातला हाय. मशीनीचे मागं बांध. कोनाची नजर नाय लागाची." भोईरांचं मिठागर कधीच बुजलं होतं, त्यावर इमारती उभ्या होत्या. शेवटच्या वर्षीच्या मिठाचं एक मडकं बायजाने जिवापाड जपलेलं, त्यातलं हे मीठ. पण कलावतीबाईंना असल्या गोष्टींचा मनस्वी तिटकारा. लिंबू-मिरची दिसली तरी त्या तासभर भाषण द्यायच्या. म्हणून हेमाने पुडी मशीनच्या पाठी, केबलच्या तोंडाशी, कुणाला दिसणार नाही अशी बांधली होती. कुणी दुरुस्तीला येणार असलं की काढायची, तो गेला की पुन्हा बांधायची. मशीन बिघडत चाललं तसं तिला वाटायला लागलं, नजर जबरदस्त आहे. मग तिने मीठ वाढवलं.

विश्रामने केबल काढली. बॅटरीचा उजेड पाडून आत बघितलं. मग मशीनच्या मागे बोट फिरवलं. बोटाला ओल लागली, पांढरे कण लागले, आणि मोहरीचे दोन दाणे. त्याने बोट हळूच जिभेला लावलं.

हेमाने ते पाहिलं. एका वेळी एकच गोष्ट. तो येतो तेव्हा इथलं काय बदलतं? प्रिंटर नाही, केबल नाही, मी नाही… पुडी! पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं हे मिठागरवाल्यांच्या मुलीला कुणी सांगायला हवं? म्हणजे ज्या मिठाने राखायचं, त्यानेच खाल्लं होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

विश्रामने मान वर करून त्या चेहऱ्याकडे पाहिलं. क्षणभरच.

"काय सापडलं?" बाईंनी विचारलं.

"भिंतीला ओल आहे, बाई."

कलावतीबाई उठल्या. भिंतीवर तळहात ठेवला. "भिंत कोरडी ठणठणीत आहे. तीनदा आलात, आणि तिन्ही वेळा थातुरमातुर. मी तुमच्या साहेबांना फोन करते. माणूस कामाचा नाही म्हणून सांगते, आणि हे मशीन सोमवारी घेऊन जा म्हणूनही सांगते."

विश्रामने नुसती मान खाली घातली. बाईंनी फोनचा रिसीव्हर उचलला.

हेमाला वाटलं, गप्प बसावं. गप्प बसलं तर निदान अब्रू तरी राहील. पण याची? पहिल्या दिवशी 'मध्ये काहीतरी अडतंय' म्हणणारा हा एकटा माणूस, आणि आज तिच्यासाठी स्वतःच्या पोटावर पाय आणून उभा होता.

"बाई, फोन ठेवा." तिने पर्स उघडली आणि ओली पुडी सरळ बाईंच्या टेबलावर ठेवली. "भिंत नाही. मी आहे. हे मी बांधत होते… नजर लागू नये म्हणून. यांची काही चूक नाही." बोलता बोलता तिला रडू फुटलं.

खालून पोळ्या भाजल्याचा वास येत होता. शालूने टायपिंग थांबवलं होतं. बाईंनी रिसीव्हर ठेवला, पुडी दोन बोटांनी उचलली, उलटीसुलटी बघितली.

"आणि तुम्ही हो?" त्या विश्रामकडे वळल्या. "तुम्हाला कळलं होतं ना? मग खोटं का बोललात?"

"त्यांच्या घरचं मीठ खाल्लं ना, बाई, आत्ताच," विश्राम बोट दाखवत म्हणाला. "जागायला नको?"

कलावतीबाई हसल्या! शालूने नंतर शपथेवर सांगितलं, दोन वर्षांत पहिल्यांदा. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "मी नोकरीला लागले तेव्हा माझ्या आईनेही पर्समध्ये अंगारा ठेवला होता. तो निदान पाझरत नव्हता. डोळे पूस, हेमा. मशीन राहील, तूही राहशील. पण पुन्हा माझ्यापासून काही लपवलंस तर गाठ माझ्याशी आहे. आणि ही पुडी आजच्या आज इथून हलली पाहिजे."

विश्रामने स्पिरिट लावून केबलच्या तोंडातली एकेक पिन घासली, पंख्याखाली वाळवली. पाच वाजता दोन नंबरवरून दीड हजार नावं सुरू झाली. घर्र, घर्र, एक चूक नाही.

तो निघाला तेव्हा हेमा छत्री द्यायच्या निमित्ताने जिन्यापर्यंत आली. या वेळी तो मुद्दामच विसरला होता, हे आपल्या दोघांतच ठेवू.

"कोळीवाड्यातला माणूस मी," तो पायऱ्यांकडे बघत म्हणाला. "होडीचे खिळे मीठ कसं खातं ते… लहानपणापासून… म्हणजे… पहिल्याच दिवशी ओळखायला पाहिजे होतं. पण तुम्ही समोर असलात की…"

"की काय?"

पाऊस पत्र्यावर टपटपत होता. हेमाने ठरवलं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि तिने 'अहो' काढून टाकलं.

"विश्राम, ऐक. घरी शहाडचं स्थळ आलंय. नोकरी राहिली म्हणून आज ते टळलं. पण बाबा पुन्हा विचारतील, आणि मला त्यांना नुसतं 'नाही' सांगायचं नाहीये. तुला काही बोलायचंय का?"

त्याने वर पाहिलं. तिच्या हातात ती पुडी होती, काळा दोरा लोंबत होता. त्याने हात पुढे केला. "ते… ते मला दे."

"कशाला?"

"ठेवतो. उद्या रविवार आहे. आई-बाबांना घेऊन कोपरला येतो, परत करायला."

"एवढ्याशा मिठासाठी तिघं?"

"नाही." त्याने श्वास घेतला, आणि मग एकही शब्द न अडखळता म्हणाला, "तुला मागायला."

हेमाने पुडी त्याच्या तळहातावर ठेवली. बोटं जरा जास्त वेळ तिथेच राहिली. "आम्ही मिठागरवाले कोळ्याकडे मुलगी देताना आधी भांडतो हो," ती पुटपुटली.

"भांडू देत. मी तुझ्याशिवाय सगळ्यांशी नीट बोलतो."

ती वर आली तेव्हा शालू कागद फाडत होती. "काय गं, झाला का नीट?"

हेमा दोन नंबरच्या खुर्चीवर बसली, पदर खोचावा तशी ओढणी खोचली. गाल अजून गरम होते.

"झाला," ती म्हणाली. "जरा वेळ घेतो, पण बोलतो तेव्हा स्पष्ट बोलतो."