निरोपाची उजळणी

"ओ रव्वार, मस्यू!"

पाटोद्याच्या स्टँडसमोरच्या रसवंतीत सत्यशीला हे रिकाम्या खुर्चीला निरोपाचा हात हलवत म्हणाली, तेव्हा मागून आवाज आला, "खुर्ची कुठं जात न्हाई, मॅडम. मी जाऊन दाखवू का?"

ती दचकून वळली. खांद्यावर उसाची मोळी, डोळ्यांत हसू – रसवंतीचा मालक अंगद.

लाजत तिनं सांगून टाकलं. पुदुच्चेरीतल्या एका हॉटेलात नोकरीची संधी होती. फ्रेंच पाहुण्यांना अदबीनं निरोप देता आला पाहिजे, ही अट. घरी सराव केला की भावंडं हसून लोळायची, म्हणून ती इथं...

"मग मी हाय की पाव्हणा!" अंगदनं मोळी खाली टाकली.

मग रोज तो ग्लास ठेवून उठायचा, दोन पावलं चालायचा आणि ती निरोप द्यायची. "बॉन जुर्ने" – दिवस चांगला जावो. "आ बियँतो" – लवकरच भेटू.

"आन् लई मोठा पाव्हणा असला तर?"

"तर... 'ओ प्लेझीर द वू रव्वार'. तुम्हाला पुन्हा भेटण्याचा आनंद मिळावा."

"बापरे! येवढं ऐकून मानूस जाईल कावून?"

ती हसली. तो मात्र नुसता बघत राहिला... चरकाची घुंगरं वाजत राहिली आणि रस भांड्यातून उतू गेला.

नोकरी मिळाली. निघायची सकाळ उजाडली. पुण्याच्या गाडीत तिला सांभाळणाऱ्या मावशी केसरबाई पिशव्या चढवत होत्या. सत्यशीला सारखी रसवंतीकडे वळून बघत होती. आज तरी हा बोलेल... अंगद समोर येऊन उभा राहिला.

"येते मी," ती म्हणाली. सगळी फ्रेंच अदब ऐन वेळी पळाली होती.

"बरं."

एवढंच! तिनं रागानं पाठ फिरवली, पायरीवर पाय ठेवला –

"सत्यशीला!"

सगळा स्टँड वळून बघायला लागला. केसरबाई कडाडल्या, "मुडद्या! निघाल्या मानसाला मागून हाक मारतेत का? उतर गं पोरी. घोटभर पानी पी, घडीभर बस, मग निघ!"

कंडक्टर कशाला थांबतोय? पिशव्या उतरल्या, गाडी गेली. दुपारच्या गाडीनंही रात्रीची चेन्नईची रेल्वे मिळणार होती.

अंगद पाण्याचा तांब्या घेऊन आला.

"रीत ठाऊक नाही का तुला?" सत्यशीलानं विचारलं.

"ठाऊक हाय. म्हनूनच मारली."

"...का पण?"

"तुला अडवायचं न्हाई. नोकरी कर, लई मोठी हो. पर घडीभर पायजे होती... मला तू आवडतीस, सत्यशीला. सुट्टीला आलीस की मावशीला विचारायला येऊ का?"

तांब्या हिंदकळला, तिची ओढणी भिजली. "आणि मला कोण विचारणार?"

"तुला... तुला विचारतोय की!"

"मग हो."

पिशव्यांवर बसलेल्या केसरबाई दुसरीकडे बघत म्हणाल्या, "मला दिवाळीला इचार. आदी रस पाज दोन ग्लास."

दुपारची गाडी लागली. खिडकीतून सत्यशीला म्हणाली, "आता हाक मारू नको हं."

"मारली तर?"

"तर... पुन्हा उतरावं लागेल."

गाडी हलली. अंगदनं दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून धरले, आणि खिडकीतलं ते खळखळतं हसू वळणापर्यंत ऐकू येत राहिलं.