आप्पांचा जांभळा वाफा

तो शेवटचा साधा दिवस. महाबळेश्वरच्या मळ्यात आप्पा खुरप्याशी, म्हणजे त्यांच्या यंत्रमानवाशी, भांडत होते. खुरप्या शिकला होता स्ट्रॉबेरीच्या मळ्यांत. थंडी वाढली की रोपं झाकायची, एवढं त्याच्या डोक्यात पक्कं.

"माझ्या केलला पांघरूण नको. थंडी खाऊ दे त्याला," आप्पा म्हणाले. केल म्हणजे गड्डा न धरणारा कोबीचा भाऊबंद.

त्यांच्या लेकीने, ऋचाने, एक पान चावलं. "कडू आहे, आप्पा."

"दहिवर गोठेपर्यंत थांब, मग बोल. तू दरवर्षी त्याआधीच पळतेस."

ती हसली आणि पुण्याला निघाली. दुसऱ्या सकाळी आप्पा उठलेच नाहीत.

तेरावं झालं आणि थंडीची लाट आली. खुरप्याने अर्धा वाफा कापडाने झाकला, तोवर ऋचा आडवी आली.

"बास. पुढे हात लावायचा नाही."

"पारा शून्याखाली जाईल. रोपं मरतील."

"आप्पांनी पेरलंय. त्यांच्याच पद्धतीने जगेल."

सकाळी उघडी रोपं पांढरी होऊन लोळत होती.

"मी म्हटलं होतं," खुरप्या म्हणाला.

"ऊन येऊ दे," ऋचा म्हणाली. ती वाफ्याच्या कडेला उकिडवी बसली.

ऊन आलं. एकेक पान ताठ झालं.

"पानात पाणी असतं ना? मग ते गोठून पान फाटलं कसं नाही?" ऋचाच्या दहा वर्षांच्या मुलीने, मिहिकाने, विचारलं.

ऋचाने फ्रीजरमध्ये दोन वाट्या ठेवल्या, एक पाण्याची, एक काकवीची. संध्याकाळी पाण्याचा दगड झाला होता. काकवीत चमचा रुतला.

"साखरेने पाण्याचा गोठणबिंदू (ज्या तापमानाला ते गोठतं) खाली जातो. थंडी हळूहळू वाढली की केल पिष्टाची (साठवलेल्या अन्नाची) साखर करतं," ऋचा म्हणाली.

"आणि उघड्या पानांवर चढत चाललेला हा जांभळा रंग?"

"अँथोसायनिन (वनस्पतीतलं रंगद्रव्य)," खुरप्या म्हणाला. "गारठलेल्या पानाला ऊन झेपत नाही. हा रंग त्याच्यावर सावली धरतो."

लाट आठवडाभर राहिली. मग मिहिकाने झाकलेल्या रोपाचं हिरवं पान चावलं आणि तोंड वाकडं केलं. उघड्याचं जांभळं पान मात्र देठासकट संपवलं.

"खुरप्या, पुढच्या वर्षी दोन वाफे. कापड नको," ऋचा म्हणाली.

"शिकलो," खुरप्या म्हणाला.

ऋचाने एक जांभळं पान तोडलं. सावकाश चावलं. मग वाफ्याकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"तुमचं बरोबर होतं, आप्पा. गोड आहे."