सात फोटोंची बेरीज

जुन्या गाड्यांचे फोटो काढणं हा माझा धंदा. काळा रंग आणि चकचकीत क्रोम एका फोटोत नांदत नाहीत. एकाला सांभाळावं तर दुसरं बिघडतं. म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवून एकाच दृश्याचे सात फोटो घ्यायचे, अगदी काळपट ते अगदी पांढरट, आणि कॉम्प्युटरवर सातांचा एक करायचा. याला एचडीआर म्हणतात. अट एकच, तेवढ्यात कोणी हलायचं नाही. हललं तर त्याचं भूत उमटतं. हा शब्द धंद्यातला आहे, माझा नाही. भूत पुसायला प्रोग्रॅममध्ये एक चौकोन असतो. त्यावर खूण केली की हलणारं जातं आणि स्थिर ते राहतं.

दाजींनी आठ वर्षं खपून एक काळी गाडी दुरुस्त केली होती. रविवारी ताईला घेऊन पहिली फेरी मारायची, त्याआधी त्यांना फोटो हवा होता. ताई त्या गाडीला सवत म्हणायची.

गॅरेजला एकच उंच खिडकी होती. ऑइलचा आणि ओल्या सिमेंटचा वास कोंडलेला. दुपारी सात फोटो घेतले, जोडले. मागच्या सीटवर, अंधारात, धुरकट काहीतरी बसलं होतं. सातही फोटो सुटे उघडून पाहिले. सीट रिकामी.

प्रतिबिंब असेल म्हणून दुसऱ्या दिवशी समोरच्या भिंतीवर काळं कापड लावलं आणि पुन्हा सात घेतले. जोडताना चौकोनावर खूण केली. भूत असेल तर जाईल. पण ते उलट रेखीव झालं. एक बाई. हात मांडीवर, नजर पुढच्या सीटवर. म्हणजे सात फोटो होईपर्यंत ती हललीच नव्हती.

मी घाबरलो, सरळ सांगतो. ताईला म्हटलं, रविवारी या गाडीत बसू नकोस. तिने फोटो पाहिला आणि माझ्या डोळ्यांचा नंबर वाढल्याचं निदान केलं.

"मीच बसते पुढे," ती म्हणाली. "काढ फोटो. बघू सवत काय करते."

ताईच्या पायाला लहानपणापासून भिंगरी. जेवतानाही टेबलाखाली तिचा एक पाय हलत असतो. हलू नकोस, मी दोनदा बजावलं.

पहिल्या चार क्लिकना ती मनगटावरचं घड्याळ फिरवतच होती.

पाचव्याला थांबली.

सातव्यानंतरही तशीच.

"झालं," मी म्हटलं.

तिने सावकाश मान वळवली. "हलले नाही ना?"

फोटो तिथेच जोडला. मागची सीट रिकामी, पुढे ताई रेखीव. माझा जीव भांड्यात पडला. खुशाल जा, म्हणालो.

रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. दाजी खूश होते. गाडी झकास पळाली, फक्त तुझी ताई वाटेत एक शब्द बोलली नाही, म्हणाले आणि गाडी पुसायला गेले. मी टेबलाशी लॅपटॉप उघडला. ताईचा फोटो जोडतानाही चौकोनावरची आधीची खूण तशीच राहिली होती.

खूण काढली. फोटो पुन्हा जोडला.

मागच्या काचेआड एक पंजा उमटला. तीन जागी, काच बडवत असल्यासारखा. मनगटावर ताईचं घड्याळ.

समोरच्या खुर्चीत ताई बसली होती. तिच्यापुढच्या चहावर साय धरली होती.

मी टेबलाखाली वाकून पाहिलं. तिचे दोन्ही पाय शांत होते.