कॅसेटवरची फुंकर

ताईचा नवरा रविवारी सकाळीच जुना व्हिडिओ गेम दुकानात देऊन नवा घेऊन आला, आणि वर कौतुक करून घ्यायला तिच्यासमोर उभा राहिला.

"अडगळ गेली, सूटही मिळाली. एका दगडात दोन पक्षी!"

"आतली कॅसेट?"

"तीही दिली. त्यांनी माझ्यासमोरच भंगाराच्या यंत्रात टाकली."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या कॅसेटमध्ये तिचा धाकटा भाऊ होता. म्हणजे गेममधला त्याचा पाणबुड्या होता, भाऊ गेला त्या दिवशी त्याने जिथे सोडला तिथेच, समुद्राच्या तळापासून एक टप्पा वर. भावाला दमा होता. छाती सतत वाजायची म्हणून घरात त्याचं नाव शिट्टी, आणि गेममध्येही त्याने हौसेने तेच टाकलेलं. कॅसेट अडली की तो ती काढून फुंकर मारायचा. "आधीच श्वास पुरत नाही, तो डबड्यावर कशाला उधळतोस?" आई ओरडायची. गेम मात्र हटकून चालू व्हायचा. तो गेल्यावर त्याच्या वाढदिवसाला ताई कॅसेट लावून पाणबुड्याकडे नुसती बघत बसायची. बटणाला हात लावायची नाही.

"अगं, तोच गेम नव्यात घेतलाय," नवरा म्हणाला. "चित्र तर बघ! तळाच्या गवताचं पातं न् पातं दिसतं."

"मला काय गवत चरायचंय?"

सकाळ डाऊनलोडमध्ये गेली, दुपार अपडेटमध्ये. जुना बिचारा बटण दाबलं की चालू. ह्याला आधी इंटरनेट, मग पासवर्ड, मग फोन नंबर, आणि एवढं करून पाणबुड्याचा दिवा वेगळा विकायला! नाव मोठं, लक्षण खोटं.

शेवटी एकदाचा गेम सुरू झाला. पडद्यावर नाव आलं: शिट्टी.

"तू टाकलंस?" तिने विचारलं.

"मी? मला वाटलं तू."

नवऱ्याने पाणबुड्याला खाली सोडलं. गेमच्या डबड्यातून बारीक आवाज यायला लागला.

"पंखा असेल," तो म्हणाला.

ताई लिफ्ट तपासायचं काम करायची. लिफ्टमधले पंखे तिने रग्गड ऐकले होते. पंखा एकसारखा वाजतो. हा आवाज आत जाताना छोटा होता आणि बाहेर येताना लांब, चिरका.

कोपऱ्यात श्वासाची निळी पट्टी कमी होत चालली होती. जुन्या गेममध्ये पाण्याबाहेर डोकं काढलं की ती भरायची. नवऱ्याने पाणबुड्याला वर आणलं. त्याने डोकं बाहेर काढलं आणि पाटी आली: 'श्वास संपत आला आहे. आणखी विकत घ्या.'

"श्वासाचे पैसे?" ताई कडाडली. "मेल्यांनो, हवा काय तुमच्या बापाची आहे?"

आतली शिट्टी वाढली. ताईचा आवाज फाटला. "घे विकत. आत्ताच्या आत्ता घे!"

"खेळण्यातल्या हवेला पैसे मोजू? डोकं फिरलंय तुझं!"

तो तणतणत उठला आणि त्याने टीव्हीचा आणि गेमचा, दोन्ही प्लग भिंतीतून उपटले. पडदा काळा झाला.

शिट्टी थांबली नाही.

ताईने डबडं उचलून उलटंसुलटं केलं. कॅसेटची खाच नव्हतीच. मागे फक्त बारीक जाळी होती.

तिने जाळीला ओठ लावले आणि फुंकर मारली.

शिट्टी थांबली.

मग आतून तिच्या ओठांवर हवा आली. कोमट, ओलसर, दम्याच्या औषधाच्या वासाची.

तिने वर बघितलं. काळ्या पडद्याच्या कोपऱ्यात निळी पट्टी बोटभर भरली होती.

नवरा भिंतीपाशी उभा होता. दोन्ही प्लग त्याच्या हातातच होते.

पट्टी पुन्हा कमी व्हायला लागली. ताईने छाती भरून घेतली.