कच्च्या गव्हाचं गिऱ्हाईक

भट्टीपुढे रांग लागलेली, रोट्या टम्म फुगून बाहेर पडताहेत, आणि हा उंच, हडकुळा माणूस अरीजला विचारतो, "किलोभर गहू मिळेल का? दळलेला नको. अख्खा."

अरीजने हातातला चिमटा खाली ठेवला. "ही बेकरी आहे. कबुतरं खालच्या गल्लीत पाळतात."

रांगेतल्या बायका खुदखुदल्या. तोही हसला... पण हलेना. गहू भिजवायचा, मोड आणायचे आणि तसाच खायचा, म्हणे. वर्षभरात चुलीवर चढलेली एकही वस्तू त्याच्या पोटात गेली नव्हती. तिने वैतागून पिशवी भरली आणि त्याच्या अंगावर जवळजवळ फेकलीच.

त्याचं नाव कुसै. अम्मानमधली नोकरी सोडून तो इथे सल्त गावी, आजोबांची बाग सांभाळायला आला होता. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा आला. मग दिवसाआड यायला लागला. एवढा गहू एकटा माणूस खातो कसा, हे विचारायचं मात्र अरीजच्या कधी मनात आलं नाही.

"फायदा काय पण या सगळ्याचा?" एकदा रांग ओसरल्यावर तिने विचारलं.

"पोट जळत नाही. ऑफिसात होतो तेव्हा रोज बाहेरचं तळलेलं खायचो आणि रात्री बसून काढायचो. आता डोकं टेकलं की झोप."

"आणि तोटा?"

"तोटा..." त्याने दाढी खाजवली. "यंदाच्या थंडीत काकडलो. घोटभर गरम सूप कुणी पुढे केलं असतं तर रडलो असतो."

"मग प्यायचं की!"

"नेम म्हणजे नेम. आणि चावायला फार वेळ जातो. जेवायला बसलो की तास कुठे गेला कळत नाही."

"म्हणजे दिवसभर बकरीसारखं—"

"बकऱ्या सुखी असतात, अरीज."

तिचं नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदाच आलं होतं. त्या गडबडीत तिच्या चार रोट्या करपल्या, आणि त्याचाही राग तिने त्याच्यावरच काढला.

वसंत आला तसा तो कागदाच्या पुडीत कोवळे हिरवे बदाम आणायला लागला. सोबत चिमूटभर मीठ. ती भट्टीच्या दारात उभी राहून कराकरा खायची. आंबटसर, गार, तोंडाला पाणी सुटेल असे.

"कच्चे आहेत हं," तो हळूच म्हणायचा.

"बदाम कोण शिजवतं?"

"तेच तर म्हणतोय मी—"

"गप्प बस."

आता खोटं कशाला बोला, अरीजचा जीव जडला होता. पण त्याच जिवाला घोर लागला होता. तीन पिढ्या रोट्या भाजणाऱ्या घरातली मुलगी ती. ज्याला तिच्या हातची रोटी चालत नाही, त्याच्याबरोबर जन्म काढायचा कसा? रोज एका ताटाला ती एकटी, आणि समोर हा काकडी चावत बसलेला? विचारानेच तिचं डोकं फिरायचं.

त्यात ईदला त्याने कहर केला. शुभेच्छा द्यायला गावातले वडीलधारे हाजी नव्वाफ यांच्याकडे गेला, हाजींनी कॉफी दिली, आणि याने भाजलेलं-उकळलेलं नको म्हणून कप तसाच खाली ठेवला. आता सल्तमधलं शेंबडं पोरही सांगेल, पाहुण्याने कॉफी न पिता कप खाली ठेवला की त्याला काहीतरी मागायचं असतं, आणि यजमान 'दिलं' म्हणेपर्यंत तो कप उचलत नाही. हाजी बिचारे सरसावून बसले. "माग बाळा. पाणी हवंय बागेला? कुणाशी भांडण मिटवायचंय?" शेवटी हा लाल होऊन म्हणाला, "काही नको... मी फक्त कच्चं खातो." सगळं गाव आठवडाभर हसलं.

अरीजने त्याला फैलावर घेतलं. "दोन घोट घेतले असतेस तर मेला असतास? आमच्या बाबांपुढे असं केलंस ना, तर पुन्हा तोंड बघणार नाही तुझं."

तो तिच्याकडे बघत राहिला.

"तुझ्या बाबांपुढे..." तो म्हणाला. "बरं. लक्षात ठेवतो."

पुढच्या शुक्रवारी तो खरंच घरी आला. सोबत त्याचे फव्वाजमामा. या मामांच्या हातात कॉफी दिली की ओतणाऱ्याने किटली खाली ठेवेपर्यंत कप रिकामा झालेला असायचा, अशी त्यांची ख्याती. बाबांनी स्वतः किटली उचलून कॉफी ओतली. अरीज आतल्या दाराच्या फटीतून बघत होती. मामा दाराआड झाकलेले. दिसत होता फक्त कुसै.

त्याने कप घेतला. आणि न पिता समोरच्या तिवईवर ठेवून दिला.

अरीजच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईने ओढणी धरली होती, ती सोडवून घेऊन ती थेट बैठकीत गेली.

"दोन घोट! दोन घोट उतरत नव्हते तुझ्या घशाखाली? एवढं सांगितलं होतं..."

कुसै खाली बघत होता, पण कान लालबुंद. तेव्हा तिचं लक्ष मामांकडे गेलं. मामांचाही कप तिवईवर होता. तसाच, भरलेला. आणि मामा त्या कपाकडे आशाळभूतपणे बघत होते.

अरीज दोन पावलं मागे सरली.

"बरं झालं आलीस," बाबा म्हणाले. "मामांनी कप ठेवलाय तो तुला मागणी घालायला. मी पोरीला विचारायला उठतच होतो. माझी फेरी वाचली."

मागून आई हसत होती. म्हणजे हिला ठाऊक होतं.

"मला आधी सांगता येत नव्हतं?" अरीजने कसंबसं कुसैला विचारलं.

"दिवसाआड सांगायलाच यायचो. माझ्या बागेतले पक्षी तुमच्या गव्हावर लठ्ठ झालेत. पण तू दर वेळी भांडायचीस..."

तिला रडू येत होतं, आणि ते त्याला दिसू नये म्हणून ती आणखी चिडली. "माझी भट्टी सुटणार नाही."

"नको सोडूस."

"रोज माझ्या हातची एक रोटी खायची. गरम."

"अर्धी."

"अख्खी."

त्याने मान वर केली. "अख्खी. आणि तू?"

"मी... सकाळी तुझे ते मोड खाईन. पण कुरकुर करणार."

"ती तर मी हुंड्यातच धरली होती," फव्वाजमामा म्हणाले आणि बाबांकडे वळले. "अबू सुहैब, कॉफी गार होतेय हो."

बाबांनी अरीजकडे बघितलं. तिने कुसैकडे.

"पी," ती म्हणाली.

मामांचा कप तेवढ्यात रिकामाही झाला. कुसैने मात्र आपला कप दोन्ही हातांनी धरला, एक क्षण थांबला आणि डोळे मिटून पिऊन टाकला. त्याचं तोंड वेडंवाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं.

"कशी आहे?" तिने विचारलं.

"भयंकर," तो म्हणाला, आणि कप पुन्हा बाबांपुढे धरला.